सज्जन गृहमंत्र्याची किंमत

माणूस गेला की त्याच्याविषयी चांगले बोलावे, ही आपल्याकडची रीत आहे आणि ती योग्यच आहे. १२ डिसेंबर २०२५ रोजी लातूर येथे, वयाची नव्वद वर्षे पूर्ण केलेल्या शिवराज पाटील चाकूरकर यांचे निधन झाले, तेव्हा सर्वच पक्षांच्या नेत्यांनी ही रीत पाळली. सुसंस्कृत, मितभाषी, अभ्यासू, निष्कलंक, संसदीय परंपरांचे जाणकार अशा विशेषणांची त्यांच्यावर पुष्पवृष्टी झाली. यातले एकही विशेषण खोटे नव्हते आणि खरी अडचण तिथेच आहे. ज्या साडेचार वर्षांत हे गृहस्थ देशाचे गृहमंत्री होते, त्या काळाचा हिशेब या फुलांखाली झाकला गेला. व्यक्तीला श्रद्धांजली वाहून झाली की मागे उरते ती सार्वजनिक कारकीर्द, आणि तिचे परीक्षण करणे हा मृताचा अनादर ठरत नाही. तो हिशेब मांडला नाही, तर त्या वर्षांत बाजारात, मंदिरात, मशिदीजवळ आणि लोकलच्या डब्यात ज्यांचे प्राण गेले त्यांचा अनादर होतो.

सास्तूरमधून पाहताना

हा हिशेब दिल्लीतील मृत्युलेखांच्या आधारे मांडण्यापेक्षा धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्याच्या सास्तूरसारख्या गावात उभे राहून मांडावा. सास्तूर चाकूरकरांच्या लातूर मतदारसंघातले नव्हे. ते उस्मानाबाद मतदारसंघात मोडत असे. पण लातूर आणि धाराशिव हा एकाच मातीचा मुलूख आहे. १९८२ मध्ये लातूर वेगळे होईपर्यंत जिल्हाही एकच होता. राज्यसंस्था वेळेवर धावून येणे म्हणजे काय आणि तिच्या मदतीची वाट पाहणे म्हणजे काय, हे या पट्ट्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

पहिला अनुभव १९४८ चा. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय सेना सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरली. पहिला घाव पडला तो याच जिल्ह्यातल्या नळदुर्गावर. पुढे जळकोट, उमरगा असे करीत सेना हैदराबादच्या दिशेने सरकली आणि १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाला. रझाकारांच्या धाकाखाली दिवस काढलेल्या पिढीसाठी भारताचा गृहमंत्री म्हणजे सरदार वल्लभभाई पटेल, आणि गृहमंत्रिपद म्हणजे निर्णय घेण्याची ताकद, असे समीकरण त्या पाच दिवसांत पक्के झाले.

दुसरा अनुभव ३० सप्टेंबर १९९३ चा. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली आणि दगडमातीच्या भिंतींवरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. किल्लारीचे नाव जगभर गेले. पण सास्तूर, होळी, पेठसांगवी, राजेगाव ही गावेही त्याच पहाटे जमीनदोस्त झाली. लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून ५२ गावे पूर्ण उद्ध्वस्त झाली आणि सरकारी आकडेवारीनेच जवळपास आठ हजार माणसे दगावली. ढिगाऱ्याखालच्या माणसाच्या दृष्टीने मदत किती आली याला महत्त्व नसते; ती किती तासांत आली याला असते. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढच्या सगळ्या विवेचनाचा गाभा तोच आहे.

खुर्चीला शोभलेला माणूस

भूकंपाच्या त्या पहाटे लातूरचे खासदार लोकसभेच्या अध्यक्षपदी होते. तिथवरचा प्रवास निःसंशय कौतुकास्पद होता. १२ ऑक्टोबर १९३५ रोजी निजामी राजवटीतील चाकूर या गावी जन्म, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानाचे आणि मुंबईत कायद्याचे शिक्षण, लातूरचे नगराध्यक्षपद, विधानसभेची आमदारकी, पुढे विधानसभेचे उपाध्यक्ष व अध्यक्षपद, आणि १९८० पासून १९९९ पर्यंतच्या सात लोकसभा निवडणुकांत सलग विजय. इंदिरा गांधी आणि राजीव गांधी या दोघांच्याही मंत्रिमंडळांत त्यांनी संरक्षणापासून विज्ञान-तंत्रज्ञानापर्यंत अनेक खाती सांभाळली.

परंतु त्यांचा खरा पिंड अध्यक्षपदाचा होता. १९९१ ते १९९६ हा बाबरी ढाच्यापासून अविश्वास ठरावापर्यंतच्या वादळांचा काळ त्यांनी शांतपणे निभावला. १९९३ मध्ये खात्यांशी निगडित स्थायी समित्यांची रचना अस्तित्वात आली. त्यामुळे अर्थसंकल्पातील मागण्यांची बारकाईने छाननी होऊ लागली. संसदेतील प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवरून देशभर दिसू लागला तोही त्यांच्याच काळात. पाकव्याप्त काश्मीर भारताचा अविभाज्य भाग आहे, असे ठणकावून सांगणारा २२ फेब्रुवारी १९९४ चा एकमुखी ठराव लोकसभेने केला, तेव्हा अध्यक्षांच्या आसनावर चाकूरकर होते. राष्ट्रीय विचारांच्या माणसाने याबद्दल त्यांना वंदन करायला संकोचू नये.

अध्यक्षाचा धर्म कोणता? दोन्ही बाजूंचे ऐकणे, आवाज न चढवणे, घाई न करणे, आपले मत बाजूला ठेवणे आणि प्रक्रियेवर श्रद्धा ठेवणे. चाकूरकरांमध्ये हे गुण काठोकाठ भरलेले होते. पुढे ज्या खात्यात त्यांना बसवण्यात आले, त्या खात्यात नेमके हेच गुण दोष ठरले. प्रश्न एका माणसाच्या स्वभावाचा नव्हे. तो स्वभाव माहीत असूनही त्याला त्या जागी बसवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

मतदारांचा कौल आणि नऊ दिवस

१३ मे २००४ रोजी चौदाव्या लोकसभेचे निकाल लागले. सात वेळा चाकूरकरांना दिल्लीला पाठवणाऱ्या लातूरच्या मतदारांनी आठव्या वेळी त्यांना घरी बसवले. भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर निवडून आल्या. लोकशाहीत याचा अर्थ सरळ असतो. पण २२ मे रोजी, म्हणजे नवव्या दिवशी, लातूरने नाकारलेल्या उमेदवाराने केंद्रीय मंत्री म्हणून शपथ घेतली आणि त्यांच्याकडे खाते आले ते गृह. जुलैमध्ये राज्यसभेची वाट मोकळी करून देण्यात आली.

घटनेच्या चौकटीत हे बसते, याविषयी वाद नाही. राज्यसभेतून मंत्री होणे हा गुन्हाही नव्हे. अनेक पक्षांनी तो मार्ग वापरला आहे. पण देशाच्या अंतर्गत सुरक्षेचे खाते ज्याच्याकडे सोपवायचे, त्याच्यापाशी एकतर जनतेचा ताजा विश्वास असावा किंवा त्या विषयातले सिद्ध कर्तृत्व तरी असावे. इथे दोहोंपैकी काय होते? होती ती पक्षश्रेष्ठींवरील निष्ठा आणि कुणालाही अडचणीत न आणणारा सौम्य स्वभाव. ज्या खुर्चीवर बसून सरदारांनी मराठवाडा मुक्त केला, त्याच खुर्चीवर त्याच मराठवाड्याचा सुपुत्र बसला. निजामाचे राज्य गेले तेव्हा हा सुपुत्र तेरा वर्षांचा होत होता. सास्तूर-उमरगा भागाला याचा अभिमान वाटावा असाच तो क्षण होता. त्या अभिमानाचे पुढे काय झाले?

कपडे बाजूला ठेवू, धोरण पाहू

१३ सप्टेंबर २००८ च्या संध्याकाळी दिल्लीत करोल बाग, कॅनॉट प्लेस आणि ग्रेटर कैलास येथे बाँबस्फोट झाले. नळदुर्गावर भारतीय सेना पोहोचली त्या दिवसाला बरोबर साठ वर्षे पूर्ण होत होती. त्या एका संध्याकाळी गृहमंत्री तीन वेगवेगळ्या पोशाखांत दिसल्याचे वृत्तवाहिन्यांनी दाखवले आणि देशभर संतापाची लाट उसळली. चाकूरकरांचे म्हणणे असे की, टीका धोरणांवर करा, कपड्यांवर नको.

त्यांचे हे म्हणणे आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. नीटनेटके राहणे हा दोष नव्हे. कपड्यांच्या त्या चर्चेने उलट चाकूरकरांवर उपकारच केले. सारा राग पोशाखावर निघाला आणि धोरण नजरेआड झाले. म्हणून आता कपडे बाजूला ठेवू आणि धोरणच पाहू.

पहिले धोरण पोटाचे. संसदेवरील हल्ल्यानंतर, २००२ मध्ये संसदेच्या संयुक्त अधिवेशनात हा दहशतवादविरोधी कायदा मंजूर झाला होता. सप्टेंबर २००४ मध्ये नव्या सरकारने अध्यादेश काढून तो रद्द केला. काही तरतुदी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात सामावून घेतल्या. मात्र जामिनाच्या कडक अटी आणि तपासासाठी लागणारी दीर्घ मुदत या दोन दातांनाच उपटून काढण्यात आले. महाराष्ट्रात १९९९ पासून मकोका लागू होता, दिल्लीतही तो वापरात होता. त्याच धर्तीचा गुजरात विधानसभेने २००३ मध्ये मंजूर केलेला कायदा मात्र केंद्राच्या संमतीवाचून ताटकळत राहिला. त्याला राष्ट्रपतींची मोहोर मिळायला नोव्हेंबर २०१९ उजाडावे लागले. जो कायदा मुंबईला चालतो तो अहमदाबादला का चालत नाही, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर गृहमंत्रालयाने कधीच दिले नाही.

दुसरे धोरण सिमीचे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी स्फोटांत ५६ जणांचा बळी गेला. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांत, ५ ऑगस्टला, न्यायाधिकरणाने सिमीवरील बंदी उठवली. कारण काय, तर बंदीचे समर्थन करण्यासाठी सरकारने ठेवलेला आधार अपुरा होता. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली म्हणून लाज राखली गेली. प्रक्रिया, नियम आणि कागदपत्रे यांत ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, त्यांच्याच मंत्रालयाचे कागद ऐन वेळी तोकडे पडले, याला काय म्हणावे?

तिसरे धोरण अफझल गुरूचे. संसदेवर हल्ला करणाऱ्या कटात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००५ मध्ये त्याची फाशी कायम केली. २००६ मध्ये दयेचा अर्ज आला आणि फाईल एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरू लागली. प्रत्यक्ष फाशी झाली ती ९ फेब्रुवारी २०१३ रोजी. ज्या सभागृहाचे आपण अध्यक्ष होतो त्याच सभागृहावर चालून आलेल्यांचा हा निकाल होता. संसदेच्या प्रतिष्ठेचे सर्वांत मोठे रक्षक म्हणून ज्यांची ख्याती, त्यांना तरी याची निकड वाटायला हवी होती.

या तीन धोरणांच्या मागे पडलेली रक्तरेषा सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये ऐन दिवाळीच्या खरेदीत दिल्ली, मार्च २००६ मध्ये वाराणसीचे संकटमोचन मंदिर, ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकल गाड्या, त्याच सप्टेंबरात मालेगाव, फेब्रुवारी २००७ मध्ये समझोता एक्स्प्रेस, नंतर दोनदा हैदराबाद, मग जयपूर, बंगळूर, अहमदाबाद, दिल्ली, गुवाहाटी. मरणाऱ्यांत हिंदू होते, मुसलमान होते, पाकिस्तानचे नागरिकही होते. मुंबईच्या लोकल स्फोटांत १८० हून अधिक माणसे गेली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने त्या खटल्यातील बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. तो निकाल अन्य खटल्यांत आधार म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. एकोणीस वर्षांनंतर इतक्या मृत्यूंचा हिशेब असा अधांतरी असावा, याचा एक अर्थ हाही की, त्या काळी या देशाकडे असल्या कटांचा तपास करणारी राष्ट्रीय यंत्रणाच नव्हती.

एक धडा गिरवला, दुसरा सोडला

आता सास्तूरला परत येऊ. गृहमंत्री म्हणून चाकूरकरांच्या नावावर एक काम असे आहे, ज्यासाठी भूकंपग्रस्त भागाने त्यांचे ऋण मानावे. डिसेंबर २००५ मध्ये संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत केला. किल्लारी-सास्तूरच्या भूकंपानंतर बारा वर्षांनी, आणि तोही २००४ च्या त्सुनामीने जाग आणल्यावर. पण कायदा आला. त्यातून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. या दलाची सारी माणसे दिल्लीत ठेवली गेली नाहीत. पुणे, गांधीनगर, गुवाहाटी, अरक्कोणम अशा ठिकठिकाणी बटालियन वसवण्यात आल्या. संकट कोठे येईल हे सांगता येत नाही, म्हणून बचावाची शक्ती संकटाच्या जवळ असावी, हे त्यामागचे साधे तत्त्व. ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी तासांची किंमत काय असते, हे लातूरच्या खासदाराला कळले होते, असेच यावरून म्हणावे लागेल.

मग हेच तत्त्व दहशतवादी हल्ल्याला का लावले गेले नाही? राष्ट्रीय सुरक्षा दल, म्हणजे एनएसजी, याच गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत होते आणि त्याचे कमांडो हरियाणातील मानेसरला एकवटलेले होते. मुंबईने १९९३ पासून स्फोटांमागून स्फोट सोसले होते. तरीही देशाच्या आर्थिक राजधानीत या दलाचे एकही केंद्र नव्हते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास छत्रपती शिवाजी टर्मिनस, ताज, ओबेरॉय येथे गोळीबार सुरू झाला. कमांडो मानेसरहून निघून, विमानाने मुंबईत उतरून प्रत्यक्ष कामाला लागेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. त्या मधल्या तासांत मुंबईची ढाल कोण होते? जुनाट शस्त्रे घेतलेले पोलीस होते. गिरगाव चौपाटीवर हातात केवळ काठी असताना कसाबची बंदूक घट्ट धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे होते. १६६ माणसांचे प्राण गेले.

सास्तूरला १९९३ मध्ये मदतीच्या प्रत्येक तासाचे मोल कळले होते. तेच मोल मुंबईने २००८ मध्ये चुकवले. दोन्ही संकटांसाठी मंत्रालय एक आणि मंत्रीही एकच. एक धडा गिरवला गेला, दुसरा पाटीवर तसाच राहिला. निसर्गाशी लढताना कोणाला दुखावण्याचा प्रश्न येत नाही, तिथे सौम्य स्वभावाला निर्णय घेणे सोपे जाते. शत्रूशी लढताना मात्र कोणीतरी दुखावणार असते, मतपेढ्यांचे हिशेब आड येतात, आणि तिथे ‘दोन्ही बाजू ऐकून घेऊ’ हे अध्यक्षीय धोरण कामाचे नसते. घर पेटल्यावर आग लावणाऱ्याचे म्हणणे ऐकत बसायचे नसते.

बचावाचे तीन मुद्दे

त्यांच्या चाहत्यांकडून तीन मुद्दे नेहमी मांडले जातात. त्यांची दखल घेतलीच पाहिजे.

पहिला मुद्दा: कायदा व सुव्यवस्था हा राज्यांचा विषय आहे. खरे आहे. पण सागरी सीमा, गुप्तवार्ता, एनएसजी, दहशतवादविरोधी कायदा यांतले काहीही राज्याचे नव्हे.

दुसरा मुद्दा: हल्ले तर वाजपेयी सरकारच्या काळातही झाले. हेही खरे आहे. कंदाहार झाले, संसदेवर हल्ला झाला, अक्षरधाम झाले. परंतु त्या सरकारने हल्ल्यांतून बोध घेऊन कायदा केला आणि त्यासाठी संयुक्त अधिवेशन बोलावण्याचे धाडस दाखवले. पुढच्या सरकारने हल्ले चालू असताना तो कायदा मोडीत काढला. दोहोंतला फरक आकड्यांचा नाही, दिशेचा आहे.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार: निर्णय एकट्या गृहमंत्र्याचे नव्हते. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग होते, आघाडीच्या अध्यक्षा सोनिया गांधी होत्या. बळी मात्र चाकूरकरांचा दिला गेला. यात तथ्य आहे आणि त्यामुळे दोष कमी होत नाही, वाटला जातो. ३० नोव्हेंबर २००८ रोजी त्यांनी राजीनामा दिला. पुढच्या एका महिन्यात त्याच पंतप्रधानांच्या त्याच सरकारने राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा केला आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात जामिनाच्या कडक अटी व १८० दिवसांपर्यंतची कोठडी परत आणली. पोलिसांपुढील कबुलीजबाबाची तरतूद सोडली, तर ‘पोटा’चे बरेचसे दात मागच्या दाराने परतले. २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता येथे एनएसजीची केंद्रेही उभी राहिली. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. जे तीस दिवसांत करता आले, ते साडेचार वर्षे का झाले नाही? या एका प्रश्नापुढे बचावाचे तिन्ही मुद्दे लटके पडतात.

सौजन्य हा पर्याय नव्हे

राजीनाम्यानंतर चौदा महिन्यांच्या आत चाकूरकर पंजाबच्या राज्यपालपदी आणि चंदीगडच्या प्रशासकपदी रुजू झाले व २०१५ पर्यंत तेथे राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीतील एका पुस्तक प्रकाशन समारंभात, जिहादची कल्पना केवळ कुराणात नसून गीतेत श्रीकृष्णाने अर्जुनाला सांगितलेल्या उपदेशातही आहे, असे विधान करून त्यांनी पुन्हा वाद ओढवून घेतला. त्यांच्याच पक्षालाही त्यापासून हात झटकावे लागले. गीतेचा अभ्यास आयुष्यभर केलेल्या माणसाच्या तोंडी हे विधान यावे, याचे आश्चर्य वाटते. पण त्यांची कारकीर्द पाहिलेल्यांना ते वाटू नये. समोरासमोर उभ्या ठाकलेल्या दोन गोष्टींना एकाच तराजूत बसवणे ही त्यांची सवयच झाली होती. गीतेने अर्जुनाला नेमके उलट सांगितले आहे: धर्म आणि अधर्म समोर असताना तटस्थ बसता येत नाही.

येथे आपल्या वाचकांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. चाकूरकरांच्या स्नुषा अर्चना पाटील चाकूरकर यांनी २०२४ मध्ये भाजपात प्रवेश केला आणि लातूर शहरातून विधानसभेची निवडणूक लढवली. त्यामुळे काही जणांना आता हा विषय काढणे अवघड वाटते. तसे वाटू नये. घराणे आज कोणत्या पक्षात आहे यावरून कालच्या कारभाराचे मोजमाप बदलत नसते. आणि हीच फूटपट्टी आपल्या विचारांच्या मंत्र्यांनाही लागू आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ निरपराधांची हत्या झाली, तेव्हा प्रत्युत्तराचा अभिमान बाळगतानाच बंदोबस्तात उणीव कोठे राहिली हेही विचारायला हवे होते, आणि ते विचारणारा कार्यकर्ता कमी निष्ठावान ठरत नाही.

शिवराज पाटील चाकूरकर भले गृहस्थ होते. त्यांनी पैसा खाल्ला नाही, कोणाला अपशब्द बोलले नाहीत, संसदेची शान वाढवली. त्यांना अध्यक्षपदाच्या इतिहासात मानाचे स्थान मिळेल आणि मिळावेच. पण चारित्र्य ही सार्वजनिक जीवनात प्रवेशाची पहिली अट आहे. तिलाच अंतिम गुणपत्रिका समजण्याची चूक आपण वारंवार करतो. ‘माणूस चांगला होता’ या तीन शब्दांत आपण मंत्र्यांना जाब देण्यापासून मोकळे करून टाकतो.

माळवद कोसळल्यावर सास्तूरच्या माणसाने मदतीला येणाऱ्याचा स्वभाव विचारला नव्हता. तो वेळेवर येतो की नाही, एवढेच पाहिले होते. गृहमंत्र्याकडूनही देशाची अपेक्षा तेवढीच असते.